आफ्रो-क्यूबन मूर्तिकला

क्यूबा बेटावर गुलाम म्हणून आणल्या गेलेल्या आफ्रिकी लोकांचा वारसा व उपासनापद्धती यांतून प्रेरणा घेऊन घडविण्यात आलेल्या मूर्ती व शिल्पवस्तू यांची कला. तिचे दोन प्रवाह आहेत. पहिला प्रवाह प्रत्यक्ष उपासनेतील पूज्य वस्तूंचा असून तो मुख्यतः अनामिक कारागिरांच्या व भक्तांच्या हातून वाढला. दुसरा प्रवाह कलाशाळांत शिकलेल्या आधुनिक मूर्तिकारांचा आहे. त्यांतील काही प्रमुख कलावंत मायदेश सोडून पॅरिस, न्यूयॉर्क यांसारख्या शहरांत स्थायिक झाले व तेथेच त्यांच्या कलेला परिपक्व रूप आले. आगुस्तीन कार्देनास (१९२७–२००१) हा या स्थलांतरित मूर्तिकारांत अग्रगण्य मानला जातो. क्यूबात आफ्रिकी श्रद्धा टिकली. परंतु त्या श्रद्धेला मूर्त रूप देणारी कोरीव कामाची परंपरा बऱ्याच अंशी खंडित झाली. हा तुटलेला धागा पुन्हा जोडण्याचा प्रयत्न विसाव्या शतकातील मूर्तिकारांनी केला, हे या कलेच्या इतिहासाचे मुख्य सूत्र होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : क्यूबा ही १८९८ पर्यंत स्पेनची वसाहत होती. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून तेथे आफ्रिकी गुलाम आणले जात होते; मात्र त्यांची आयात खऱ्या अर्थाने वाढली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस. शेजारच्या हैती बेटावर १७९१ मध्ये गुलामांचा उठाव होऊन तेथील साखर-उत्पादन कोसळले व त्याची जागा क्यूबाने घेतली. उसाचे मळे आणि साखरेचे कारखाने यांसाठी मजूर हवे होते. स्पेनने गुलामांच्या व्यापारावर १८२० पासून कायद्याने बंदी घातली, तरी चोरटा व्यापार १८६० नंतरही काही वर्षे चालू राहिला. या संपूर्ण काळात बेटावर आणलेल्या आफ्रिकी लोकांची संख्या सात ते आठ लाखांच्या आसपास असावी, असे इतिहासकार मानतात. गुलामगिरी पूर्णपणे संपुष्टात आली ती १८८६ मध्ये.

हे लोक आफ्रिकेच्या निरनिराळ्या प्रदेशांतील होते. आजच्या नायजेरिया व बेनिन या देशांतील योरूबा लोकांना क्यूबात ‘लुकुमी’ म्हणत. ओयो हे योरूबांचे बलाढ्य राज्य एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यादवीने मोडकळीस आले व युद्धात पकडलेले हजारो योरूबा गुलामांच्या बाजारात विकले गेले. यांखेरीज काँगो नदीच्या खोऱ्यातील बांटू-भाषक, क्रॉस नदीच्या परिसरातील एफिक व एजागाम आणि दाहोमीकडील लोकही मोठ्या संख्येने होते. वसाहतीच्या शासनाने शहरांतील आफ्रिकी लोकांना आपापल्या मूळ प्रदेशानुसार ‘काबिल्दो’ नावाच्या मंडळ्या स्थापन करण्याची मुभा दिली होती. सणासुदीला मिरवणूक काढणे, आजारी सभासदाला मदत करणे, मृताची उत्तरक्रिया करणे ही या मंडळ्यांची उघड कामे होती. त्यांच्याच आश्रयाने भाषा, वाद्ये, नृत्ये आणि देवता जतन केल्या गेल्या.

उपासना व पूज्य वस्तू : योरूबा परंपरेतून क्यूबात जी उपासनापद्धती आकारास आली, तिला ‘रेग्ला दे ओचा’ किंवा अधिक रूढ नावाने ‘सांतेरीया’ असे म्हणतात. तीत ‘ओरिचा’ नावाच्या देवतांची आराधना केली जाते. मेघगर्जना व वीज यांचा अधिपती चांगो, समुद्राची व मातृत्वाची देवता येमाया, गोड्या पाण्याची व प्रेमाची देवता ओचून, लोखंडाचा व युद्धाचा देव ओगून, रोगांचा व रोगमुक्तीचा देव बाबालू आये, शुभ्रवर्णप्रिय ओबाताला आणि वाटांचा व चौरस्त्यांचा रक्षक एलेग्वा या त्यांतील प्रमुख देवता होत. कोणत्याही विधीत पहिला मान एलेग्वाचा असतो. कारण तो वाट मोकळी करतो, अशी श्रद्धा आहे.

स्पॅनिश राजवटीत कॅथलिक धर्म सक्तीचा असल्याने या देवतांची सांगड ख्रिस्ती संतांशी घातली गेली. विजेपासून रक्षण करणारी, तांबडे वस्त्र ल्यालेली व हाती तलवार घेतलेली संत बार्बारा ही चांगोची खूण ठरली. हॅव्हानाच्या बंदराकाठची रेग्ला येथील कुमारी माता ही येमायाची. तर कोब्रे येथील करुणामाता ही ओचूनची. कुबड्या घेतलेल्या व कुत्र्यांनी वेढलेल्या संत लाझारसमध्ये भक्तांना बाबालू आये दिसतो. दर वर्षी १७ डिसेंबर रोजी हॅव्हानानजीकच्या एल रिंकोन येथे त्याच्या दर्शनासाठी मोठी यात्रा भरते. या सांगडीला काही अभ्यासक दोन धर्मांचा संगम मानतात, तर काहींच्या मते संतांच्या प्रतिमा हा केवळ बाहेरचा पडदा होता. व्यवहारात दोन्ही गोष्टी घडल्या असाव्यात. कारण अनेक भक्त चर्चमध्येही तितक्याच श्रद्धेने जातात.

ओरिचाचे खरे अधिष्ठान मात्र संताच्या प्रतिमेत नसते. ते असते ‘ओतान’ नावाच्या दगडांत. नदीतून, समुद्रकाठावरून किंवा रानातून विधिपूर्वक निवडलेले हे गुळगुळीत दगड वनस्पतींच्या रसाने धुऊन त्यांत देवतेची शक्ती आणली जाते. या शक्तीला ‘आशे’ अशी संज्ञा आहे. हे दगड झाकणाच्या चिनी मातीच्या भांड्यांत ठेवतात. भांड्याचा रंग देवतेनुसार ठरतो : येमायाचा निळा व पांढरा, ओचूनचा पिवळा, ओबातालाचा पांढरा. चांगोचे दगड लाकडी पात्रात ठेवतात व त्याचे चिन्ह म्हणजे दुधारी परशू. ओगूनचे स्थान लोखंडी कढईत असून तीत कोयती, हातोडा, साखळी अशी अवजारे असतात. एलेग्वाचे रूप सर्वांत मूर्तिसदृश आहे. सिमेंट किंवा माती यांचे शंक्वाकार डोके करून त्याला कवड्यांचे डोळे, नाक व तोंड बसवितात आणि ते घराच्या दाराआड ठेवतात.

काँगो परंपरेतील ‘पालो मोंते’ या पंथात काठ्या, माती, अस्थी व लोखंड यांनी भरलेली कढई पूज्य असते. १८३६ मध्ये रेग्ला येथे प्रथम स्थापन झालेला ‘आबाक्वा’ हा पुरुषांचा गुप्त संघ क्रॉस नदीच्या परिसरातील परंपरेशी नाते सांगतो. त्याच्या विधींत संपूर्ण अंग झाकणारा रंगीत पोशाख व टोकदार शिरोवेष्टन घातलेले नर्तक पूर्वजांचे प्रतिनिधी म्हणून वावरतात.

कोरीव कामाची खंडित परंपरा : योरूबा प्रदेश हा आफ्रिकेतील काष्ठमूर्तींचे एक प्रमुख केंद्र म्हणून प्रसिद्ध आहे. शांगोच्या भक्ताने नाचताना हाती धरावयाचा दंड, त्यावरील स्त्रीमूर्ती व तिच्या माथ्यावरचा दुधारी परशू. जुळ्यांपैकी एक दगावल्यास त्याच्या आत्म्यासाठी कोरावयाची ‘इबेजी’ ही छोटी बाहुली. देवळांचे कोरीव खांब व दारे ही या कलेची सर्वपरिचित उदाहरणे होत. ही कामे करणारे मूर्तिकार पिढीजात घराण्यांत वाढत. वाकस आणि पटाशी चालविण्याचे शिक्षण त्यांना लहानपणापासून मिळे.

क्यूबात या कलेचे अवशेष थोडे आढळतात. चांगोचे दंड, जुळ्या देवतांच्या बाहुल्या व काही काष्ठमूर्ती संग्रहालयांत जतन केलेल्या आहेत. तथापि योरूबा प्रदेशातील विपुलतेशी त्यांची तुलना होत नाही. याची कारणे उघड आहेत. गुलाम होऊन आलेल्या माणसाजवळ हत्यारे नव्हती. उसाच्या मळ्यावर हंगामात रात्रंदिवस काम करणाऱ्याला कोरीव कामाला सवड नव्हती. मूर्तिकाराला काम देणारे राजवाडे व देवळे समुद्रापलीकडे राहिली होती आणि गुरु-शिष्यांची साखळी तुटली होती. शिवाय कोरलेली आफ्रिकी मूर्ती सहज ओळखू येणारी व म्हणून धोक्याची होती. उलट भांड्यातील दगड कुणाच्या नजरेत भरत नसे.

स्वातंत्र्यानंतरही परिस्थिती सुधारली नाही. १९०२ मध्ये क्यूबाचे प्रजासत्ताक स्थापन झाले. त्यानंतरच्या दशकांत आफ्रिकी उपासनेला चेटूक ठरवून पोलिसांनी धाडी घातल्या, पूज्य वस्तू जप्त केल्या व काही जाळून टाकल्या. जप्त वस्तूंपैकी काही पुढे मानवशास्त्रीय संग्रहांत दाखल झाल्या. ज्या वस्तूंमुळे भक्तांना गुन्हेगार ठरविले गेले, त्याच वस्तू नंतर राष्ट्रीय वारसा म्हणून काचेच्या कपाटांत मांडल्या गेल्या, हा या इतिहासातील मोठा विरोधाभास होय. तालवाद्यांच्या क्षेत्रात मात्र कोरीव कामाची परंपरा अधिक टिकली. ‘बाता’ नावाचे तीन पवित्र ढोल एकसंध खोड कोरून करतात व त्यांत देवतेचा वास मानतात.

मूर्ती व निराकार दगड यांचे हे नाते मराठी वाचकाला अपरिचित वाटू नये. महाराष्ट्रातील अनेक देवता शेंदूर लावलेल्या, अवयव न कोरलेल्या तांदळ्याच्या रूपात पुजल्या जातात. माहूरची रेणुका हे याचे ठळक उदाहरण. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे यादवकालीन मंदिराच्या बाह्यांगावर देवदेवता, सुरसुंदरी व हत्ती यांची गजबज आहे. परंतु जमिनीच्या पातळीखाली असलेल्या गर्भगृहात अरुंद मार्गाने उतरल्यावर भक्ताला दर्शन होते ते अनलंकृत लिंगाचे. अर्थात येथे एक महत्त्वाचा भेदही लक्षात घ्यावा लागतो. औंढ्याच्या भिंतींवर मूर्तिकाराचा हात व गर्भगृहातील निराकार दगड हे एकाच वास्तूत नांदतात, तर क्यूबात दगड राहिला आणि मूर्तिकाराचा हात हरवला. आफ्रिकेतून आलेल्यांचा इतिहास महाराष्ट्रालाही आहे. गुलाम म्हणून आलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता मुत्सद्दी झाला आणि जंजिऱ्याचे सिद्दी संस्थान १९४८ पर्यंत टिकले. तथापि ऊसमळ्यांवरील गुलामगिरीतून क्यूबात जो समाज घडला, त्याची स्थिती यापेक्षा फार वेगळी होती.

आधुनिक मूर्तिकलेचा उदय : हॅव्हानातील ‘सान आलेहांद्रो’ ही कलाशाळा १८१८ मध्ये स्थापन झाली. तेथील शिक्षण दीर्घकाळ यूरोपीय अभिजात पद्धतीचे होते. या शाळेत शिकलेला तेओदोरो रामोस ब्लांको (१९०२–७२) हा आफ्रिकी वंशाचा पहिला महत्त्वाचा आधुनिक क्यूबन मूर्तिकार म्हणता येईल. स्वातंत्र्यसेनानी आंतोन्यो मासेओ याची आई मारियाना ग्राहालेस हिचे त्याने घडविलेले स्मारक हॅव्हानात १९३१ मध्ये उभारले गेले. काळ्या स्त्रीला राष्ट्रमातेच्या रूपात सार्वजनिक चौकात स्थान मिळणे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. रामोस ब्लांकोने कृष्णवर्णीय चेहऱ्यांना प्रतिष्ठा दिली. मात्र त्याची घडण यूरोपीय वास्तववादाचीच राहिली.

याच सुमारास आफ्रिकी वारशाकडे पाहण्याची बुद्धिवंतांची दृष्टी बदलू लागली. फेर्नांदो ओर्तीस (१८८१–१९६९) याने १९०६ मध्ये लिहिलेल्या पहिल्या ग्रंथात आफ्रिकी उपासनेचा विचार गुन्हेगारीशास्त्राच्या अंगाने केला होता. परंतु पुढील आयुष्यभराच्या संशोधनात तो त्या वारशाचा सर्वांत मोठा अभ्यासक व पुरस्कर्ता झाला. लिदिया काब्रेरा हिचा एल मोंते हा भक्तांच्या मौखिक परंपरेवर आधारलेला ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. चित्रकलेत व्हिफ्रेदो लाम (१९०२–८२) याने नवी वाट पाडली. चिनी पिता व आफ्रिकी-स्पॅनिश वंशाची माता यांचा हा मुलगा बालपणी आपल्या धर्ममातेकडून सांतेरीयाचे विधी पाहत आला होता. यूरोपातील प्रदीर्घ वास्तव्यानंतर १९४१ मध्ये तो मायदेशी परतला व १९४३ मध्ये त्याने ‘जंगल’ हे विख्यात चित्र रंगविले. ऊस, मानवी देह व मुखवटे यांची गुंफण असलेल्या या चित्राने आफ्रो-क्यूबन आशयाला आधुनिक कलेच्या भाषेत स्थान मिळवून दिले. मूर्तिकलेत हे कार्य कार्देनासने केले.

आगुस्तीन कार्देनास : त्याचा जन्म १० एप्रिल १९२७ रोजी मातान्सास येथे झाला. मातान्सास हे एकोणिसाव्या शतकातील साखर-उद्योगाचे केंद्र व म्हणूनच आफ्रिकी परंपरांचे एक प्रमुख ठाणे होते. कार्देनासचे पूर्वज सेनेगल व काँगो या प्रदेशांतून गुलाम म्हणून आणले गेले होते. १९४३ ते १९४९ या काळात त्याने सान आलेहांद्रो कलाशाळेत शिक्षण घेतले. तेथे ह्वान होसे सिक्रे हा त्याचा शिक्षक होता. सिक्रे स्वतः पॅरिसमध्ये फ्रेंच मूर्तिकार बूर्देल याच्याकडे शिकला असल्याने त्याच्याद्वारे विद्यार्थ्यांना आधुनिक यूरोपीय मूर्तिकलेची ओळख झाली.

१९५३ मध्ये हॅव्हानातील तरुण अप्रतिरूपवादी कलावंतांचा ‘लोस ओन्से’ म्हणजे ‘अकरा जण’ हा गट उदयास आला. कार्देनास त्याचा सदस्य होता. ताडाची झाडे, फळविक्रेत्या व नर्तकी यांच्या सुबक चित्रणातून ‘क्यूबनपण’ दाखविण्याची रूढ रीत या गटाने नाकारली. बातीस्ताच्या हुकूमशाही राजवटीचा पाठिंबा लाभलेल्या १९५४ च्या स्पॅनिश-अमेरिकन द्वैवार्षिक प्रदर्शनावर बहिष्कार घालणाऱ्या कलावंतांतही या गटातील मंडळी होती.

१९५५ च्या अखेरीस कार्देनास शिष्यवृत्ती घेऊन पॅरिसला गेला व पुढील सुमारे चार दशके त्याचे वास्तव्य मुख्यतः फ्रान्समध्येच राहिले. अतिवास्तववादाचा प्रणेता आंद्रे ब्रताँ याचे लक्ष त्याच्या कामाकडे लवकरच गेले. १९५६ मध्ये अतिवास्तववाद्यांच्या प्रदर्शनात त्याच्या मूर्ती मांडल्या गेल्या आणि १९५९ मध्ये भरलेल्या त्याच्या एकल प्रदर्शनासाठी ब्रताँनेच प्रास्ताविक लिहिले. कार्देनासने या चळवळीशी स्नेह राखला, तरी तिच्या जाहीरनाम्यांत तो गुंतून पडला नाही.

पॅरिसमध्ये त्याला दोन गोष्टी एकाच वेळी भेटल्या. ब्रांकूश व आर्प यांच्यासारख्या मूर्तिकारांच्या साध्या, सलग व सेंद्रिय आकारांचा त्याला जवळून परिचय झाला. त्याचबरोबर तेथील संग्रहालयांत व संग्राहकांकडे असलेल्या आफ्रिकी मूर्ती त्याला पाहावयास मिळाल्या. त्यांपैकी मालीमधील बांद्यागारा कड्यांच्या परिसरात राहणाऱ्या डोगोन लोकांच्या काष्ठमूर्तींचा ठसा त्याच्या कामावर विशेषत्वाने उमटला. उंच व निमुळती शरीरे, वर उचललेले हात, पूर्वजांचे गांभीर्य आणि काळवंडलेला पृष्ठभाग ही या मूर्तींची लक्षणे होत. डोगोन कलेचा मोठा संग्रह १९३१–३३ मधील डाकार–जिबूती मोहिमेतून पॅरिसला आला होता. म्हणजे तोही वसाहतवादाचेच फलित होता. गुलामांच्या वंशजाला पूर्वजांच्या खंडातील मूर्तिकलेशी आपले नाते वसाहतवादी सत्तेच्या राजधानीत पुन्हा जुळविता आले, ही गोष्ट विसाव्या शतकातील सांस्कृतिक इतिहासात अर्थपूर्ण ठरते.

तंत्र व शैली : कार्देनासच्या पॅरिसमधील पहिल्या दशकातील सर्वांत महत्त्वाच्या कृती म्हणजे त्याचे ‘टोटेम’. एकाच खोडातून वर चढत जाणाऱ्या या काष्ठमूर्ती माणसाच्या उंचीच्या किंवा त्याहून उंच आहेत. खोड आरपार कोरून त्यात ठिकठिकाणी पोकळ्या ठेवल्या जातात. पोकळीभोवतीचे लाकूड कधी खांद्याप्रमाणे, कधी कवेत घेणाऱ्या हाताप्रमाणे, तर कधी फुटणाऱ्या कोंबाप्रमाणे वळते. दोन आकार एकमेकांना बिलगून एक खांब होतात. त्यांत स्त्री व पुरुष, माता व अपत्य, झाड व देह असे अर्थ एकाच वेळी सुचविले जातात. परंतु कोणताही एक अर्थ ठामपणे सांगितला जात नाही. काही मूर्तींचा पृष्ठभाग जाळून काळा केलेला आहे. त्यामुळे लाकडाच्या शिरा लोपून आकाराची बाह्यरेषा व पोकळीतून दिसणारा प्रकाश यांना उठाव येतो. १९५७ मधील ‘सानेद्राक’ या मूर्तीचे नाव म्हणजे कार्देनासच्याच आडनावाची उलटी अक्षरे होत. पूर्वजांच्या स्तंभासारख्या दिसणाऱ्या आकाराला त्याने स्वतःचेच नाव उलटे करून दिले, यातून वारशाकडे पाहण्याची त्याची दृष्टी सूचित होते.

१९६० नंतर तो इटलीतील कारारा येथे जाऊन संगमरवरात काम करू लागला. लाकडात उभ्या धाटणीला वाव होता. संगमरवरात त्याचे आकार आडवे, गोलाकार व भरदार झाले. दगड मऊ होऊन मुडपला आहे, असा भास त्याच्या या काळातील शिल्पांतून होतो. ब्राँझमध्येही त्याने काम केले व काही काष्ठमूर्तींच्या ओतीव प्रती तयार केल्या. ऑस्ट्रिया, इझ्राएल, कॅनडा, जपान इ. देशांत भरलेल्या मूर्तिकारांच्या मेळाव्यांत भाग घेऊन त्याने उघड्या जागेवर मोठ्या आकाराची शिल्पे घडविली. मार्तिनीकमधील विचारवंत एद्वार ग्लिसाँ याने त्याच्या कलेवर लिहिले असून कॅरिबियन माणसाच्या विखुरलेल्या स्मृतीचा आविष्कार या दृष्टीने तिच्याकडे पाहिले आहे.

कार्देनासच्या मूर्तींत चांगोचा परशू किंवा एलेग्वाचे कवड्यांचे डोळे जसेच्या तसे आढळत नाहीत. त्या पूजेसाठीही घडविलेल्या नाहीत. आफ्रिकी उपासनेशी त्यांचे नाते अधिक खोलवरचे आहे. वस्तूत शक्ती वसते, पूर्वज व जिवंत माणूस यांच्यातील सीमा अभेद्य नसते, झाड हे देवतेचे निवासस्थान असते, या धारणा त्याच्या आकारांच्या रचनेतच सामावलेल्या आहेत. पोकळी ही त्याच्या मूर्तीत रिकामी जागा म्हणून उरत नाही; ढोलाच्या किंवा भांड्याच्या पोकळीप्रमाणे ती काहीतरी धारण करते. १९९४ मध्ये कार्देनास हॅव्हानाला परतला. तेथेच ९ फेब्रुवारी २००१ रोजी त्याचे निधन झाले.

इतर कलावंत : १९५९ च्या क्रांतीनंतर क्यूबातून लाखो लोक देशांतरास गेले व त्यांच्यासोबत सांतेरीयाही मायामी, न्यूयॉर्क इ. शहरांत पसरली. या स्थलांतरितांत आना मेंदिएता (१९४८–८५) हिचे स्थान वैशिष्ट्यपूर्ण आहे. पालकांविना अमेरिकेत पाठविण्यात आलेल्या चौदा हजारांहून अधिक क्यूबन मुलांपैकी ती एक होती. १९६१ मध्ये वयाच्या बाराव्या वर्षी बहिणीसह ती आयोवा राज्यात आली व अनाथाश्रम आणि परक्या कुटुंबे यांत वाढली. ती आफ्रिकी वंशाची नव्हती. परंतु सांतेरीयाचा तिने आस्थेने अभ्यास केला. १९७३ पासून आयोवात व मेक्सिकोत तिने माती, दगड, पाने, फुले, अग्नी व रक्त यांच्या साहाय्याने जमिनीवर आपल्या देहाच्या आकृती उमटविल्या. मायदेशाचा संपर्क पुन्हा जुळल्यावर १९८१ मध्ये तिने हॅव्हानाजवळील हारूको येथील गुहांच्या मऊ चुनखडीत स्त्री-आकृती कोरल्या व त्यांना बेटावरील मूळच्या ताईनो जमातीच्या देवतांची नावे दिली. त्याच वर्षी मायामीतील एका सावरीच्या वृक्षावर तिने मानवी केसांनी आकृती साकारली. आपल्याकडील पांढऱ्या सावरीच्या जातीचा हा वृक्ष आफ्रो-क्यूबन उपासनेत अत्यंत पवित्र मानला जात असून भक्त त्याच्या बुंध्याशी नैवेद्य ठेवतात. अखेरच्या वर्षांत रोम येथे तिने झाडांच्या खोडांवर बंदुकीच्या दारूने आकृती जाळून कोरल्या. ८ सप्टेंबर १९८५ रोजी न्यूयॉर्क येथे तिचा मृत्यू झाला.

ह्वान बोसा (१९४१–९१) हा १९८० च्या मारिएल येथील मोठ्या स्थलांतरात अमेरिकेस गेला. न्यूयॉर्कमध्ये त्याने सांतेरीयाच्या देव्हाऱ्यांवर आधारलेल्या रचना कलादालनांत उभारल्या. याउलट मान्वेल मेंदीव्हे (१९४४– ) हा क्यूबातच राहिला. सांतेरीया पाळणाऱ्या कुटुंबात वाढलेल्या या कलावंताने लाकूड कोरून, जाळून व रंगवून ओरिचांच्या कथा साकारल्या. क्रांतीनंतरच्या शासनाने धर्माविषयी दीर्घकाळ प्रतिकूल धोरण ठेवले असताही त्याच्या कलेत या देवतांचा वावर अखंड राहिला.

मूल्यमापन : आफ्रो-क्यूबन मूर्तिकलेपुढे सुरुवातीपासून एक प्रश्न उभा आहे. पूज्य वस्तू देव्हाऱ्यातून कलादालनात आली, की तिचे सामर्थ्य उरते काय? भक्ताच्या दृष्टीने विधी न केलेली मूर्ती हे केवळ लाकूड असते. प्राणप्रतिष्ठेपूर्वीच्या मूर्तीविषयी आपल्याकडेही हीच भावना आहे. कलासमीक्षकाच्या दृष्टीने मात्र आकार हेच मूर्तीचे सर्वस्व. या दोन टोकांमध्ये स्थलांतरित मूर्तिकार उभा असतो. त्याला देव्हारा आठवतो, पण तो त्यापासून दूर असतो. कलादालन त्याला आश्रय देते, पण त्याचा देव ओळखत नाही. यूरोपीय समीक्षेने कार्देनाससारख्यांच्या कामाला पुष्कळदा ‘आदिम’ व ‘स्वप्नवत’ अशी विशेषणे लावून त्यामागील गुलामगिरीचा प्रत्यक्ष इतिहास नजरेआड केला. अलीकडच्या अभ्यासकांनी हा दोष दाखवून दिला असून या मूर्तींचा विचार आता अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांच्या इतिहासाच्या संदर्भात केला जातो.

उपासनेचा जिवंत प्रवाहही आटलेला नाही. १९९३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फ्लॉरिडातील हायालीया शहराने पशुबळीवर घातलेली बंदी रद्दबातल ठरविली आणि सांतेरीयाच्या अनुयायांचे धर्मस्वातंत्र्य मान्य केले. हॅव्हानात १९८६ मध्ये ‘आफ्रिका-भवन’ हे संग्रहालय सुरू झाले व तेथे ओर्तीसच्या संग्रहातील वस्तू ठेवण्यात आल्या. घराघरांतील देव्हाऱ्यांत दगड व कवड्या यांची पूजा चालूच आहे. एकेकाळी लपविलेला दगड आणि उघड्यावर उभा राहिलेला कोरीव स्तंभ ही एकाच वारशाची दोन रूपे होत. हत्यार, गुरू व देऊळ यांपैकी काहीही बरोबर आणता न आलेल्या लोकांच्या वंशजांनी तो स्तंभ पुन्हा उभा केला, हेच या कलेचे ऐतिहासिक महत्त्व होय.